मोठा अक्षरमा

धरणगावला हळदीत त्रेसष्ट जण आडवे झाले
आणि बोटं वळली सुगंधाबाईच्या भरिताकडे.
"आगमा भाजेल वांगं, भाऊ, मन्हं काय चुकनं?"

भरितात जंतू सापडला, तोही त्याच नावाचा.
मग तर संपलंच, म्हणाले सगळे.

धुळ्याच्या लॅबमध्ये रात्री दीडला
मी जंतू वाचत बसलो:
चारच अक्षरं, ना काना ना मात्रा,
अठ्ठेचाळीस लाखांची एक सलग ओळ.

भरितातला आणि पोरांच्या पोटातला,
आठशे बारा ठिकाणी फरक.
नाव एक, कूळ निराळं.
बाईंचा बहुतेक वरच्या कोथिंबिरीतून आलेला.

पोटातल्याशी जुळला तो
श्रीखंडाच्या डेअरीतला, फरशीखालच्या मोरीतला.
फरक दोन अक्षरांचा.
फ्रीजरमधून चोपड्याचा जुना नमुना काढला,
तोही हाच.
दोन वर्षं मोरीत मुक्कामाला,
लग्नसराईत तेवढा बाहेर पडणारा.

रिपोर्ट गेला. मोरी उखडली.
मी सुगंधाबाईंना फोन लावला:
तुमच्या भरितानं नाही झालं ते.
कोथिंबीर तेवढी धूत जा.

पलीकडे बराच वेळ नुसती चूल फुरफुरली.
मग म्हणाल्या,
"हाई लिखी दे ना भाऊ,
मोठा अक्षरमा."