हजेरी

पान चौसष्ट. गुन्हेगार जमाती कायदा, १८७१.
पुस्तक बेंगळूरहून येतं, कन्नडातून मराठीत.
वाटेत कुठेतरी धड्यातले कर्ते गळून पडलेत :
नावनोंदणी केली जाई. हजेरी घेतली जाई.
कोण घेई, ते छापलेलं नाही.

कोण घेत असेल? मी विचारलं.
इंग्रज! पोरं एका सुरात.
वखारीकडून तंबाखूचा खकाणा आला, दोघं शिंकली.
तेवढ्यावर तास संपला असता.
दोन मार्कांचा प्रश्न.

मागच्या बाकावरून शिवलीला कोरवी उठली.
"सर, माझ्या आज्याच्या बाला गोरा माणूस
जन्मात कधी दिसला न्हाई.
रोज रातच्याला दोनदा चावडीवर जायाचा.
ताप असला तरी. बायकू अडलेली, तरी.
पाटील तोंडावर कंदील धरायचा,
म्हणायचा, हणम्या, हाईस?"

खाली बसली. बाक करकरला.
आमच्या गावात पाटलांची घरं तीस,
कंदील एकाच घरात.
दरवर्षी दिवाळीला मीच तो चिंचेनं घासतो.
पाहुण्यांना सांगतो, पणजोबा गस्त घालायचे.

गावच्या पाटीवरच्या अक्षरांसाठी
निपाणीच्या चौकात मी लाठी खाल्ली आहे,
एक नोव्हेंबरला दंडावर काळी फीत बांधली आहे.
अन्याय हा शब्द माझ्या मापाचा शिवलेला,
लहानपणापासून मीच घालतो.
दुसऱ्या कुणाला तो अंगासरशी बसेल,
असं कधी वाटलं नव्हतं.

इथं शब्दाशब्दावरून भांडण लागतं,
दुकानाच्या फळीवरून, बसच्या कपाळावरून.
या एका शब्दावरून कधीच नाही.
कन्नडातही तो हाजरीच.

दुसऱ्या दिवशी मला नावं वाचवेनात.
कॅटलॉग मी शिवलीलाकडे दिला. घे तू.
तिनं घेतली. घाई नाही, आवाज चढवणं नाही,
प्रत्येक नावानंतर मान वर करून
त्या पोराकडे नीट बघत.
बावीसनंतर तिनं चोवीस वाचला.
तेवीस तिचा स्वतःचा.
कुणी हसलं नाही.
मीही दुरुस्त केलं नाही.

मग दारात शिपाई, जेवणाचा आकडा न्यायला :
सर, हजर किती?

मी बोटं मोडत
पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.