चव्वेचाळिसावं पाकीट

डाकघर आठला उघडायचं. ती पावणेआठला दारात,
बुटांच्या खोक्यात साठ पाकिटं घेऊन,
दर दोन पाकिटांमध्ये टिपकागद,
कॉडच्या थरांत मीठ पसरावं तसा.

ड्रुसिला पेकफर्ड. हातमोज्यांची बोटं कापलेली,
नखांत निळा रंग.
"लिअँडर, पंखावर शाई पडली
तर गावात तोंड दाखवू नकोस,"
आणि लगेच पेपरमिंटची पुडी पुढे.

विमानाचं नवं तिकीट निघालं की
आमच्या बॉटवूडमध्ये गाजावाजा एवढाच:
ती, मी,
आणि काचेला नाक लावून बसलेलं धुकं.

तिकिटावरचं विमान छापील,
अख्ख्या कॅनडाभर एकाच साच्यातलं.
शेजारी मात्र तिच्या ब्रशचं.
साठ पाकिटं, साठ विमानं,
एकही दुसऱ्याच्या वाऱ्यात उडत नसे.
एकोणिसावं जरा डावीकडे कललेलं,
चाळिसाव्याच्या खिडकीत पिवळा ठिपका.
"कुणीतरी वाचत बसलंय," ती म्हणे.

तिनं पाहिली होती ती, लहानपणी, धक्क्यावरून:
पाण्यावर पोट टेकत उतरणारी बोटींसारखी विमानं,
त्यांतून उतरणाऱ्या फरकोटातल्या बायका,
आणि मासा अर्धा चिरून
सुरी तशीच हवेत धरून बघत राहिलेली आई.
मी नुसतं ऐकलंय.
मला कळायला लागलं तोवर
बंदरात गंजक्या कड्याच उरल्या होत्या.

मग एका मार्चात (साल शिक्क्यावरच आहे)
स्टोव्ह धुमसत होता, आणि मला शिंक आली.
चव्वेचाळिसावं पाकीट.
तिकिटाचा कोपरा कसाबसा धरला शिक्क्यानं,
बाकी सगळा काळा गोल
थेट विमानाच्या नाकावर.

ती काहीच बोलली नाही.
पेपरमिंटही दिली नाही.
खिशातून ब्रश काढला, ओठांवर ओला केला,
गोलाच्या मधोमध ठेवला एक ठिपका,
ठिपक्यातून तीन पाती ओढली, इतकी फिकी
की दिसायच्या आत पुसली जावीत,
आणि शिक्का फिरायला लागला.
गावाचं नाव, तारीख, महिना,
सगळं गरगर.
"हे सुटलं बघ," म्हणाली,
खोक्यात सारून निघून गेली.

आता ती टेकडीवर आहे, चर्चच्या मागे,
आणि पाकिटं जिकडेतिकडे.
मी निवृत्त झाल्यापासून गोळा करतोय.
लोकांना कोरी हवीत, बिनपत्त्याची,
कुणाच्या हाताचा घामही न लागलेली.
मला पत्ता लिहिलेली हवीत, पाऊस लागून
आभाळ थोडं पंखात उतरलेली.
जे पाकीट कुठं गेलंच नाही
त्यावरचं विमान उडालं कसं म्हणायचं?

हॅलिफॅक्सच्या एका विधवेकडून सहा मिळाली,
मंक्टनच्या न्हाव्याच्या आरशामागून एक,
चहाच्या डब्यातून चौदा, वास अजून आहे.
एकूण एकावन्न.
चव्वेचाळिसाव्याचा पत्ता नव्हता.

गेल्या आठवड्यात आलं. विनिपेगहून,
वासिल ह्रिन्चुक नावाच्या व्यापाऱ्याच्या
'खराब माल' लिहिलेल्या पेटीतून.
पेन्सिलीनं त्यानं नोंदवलंय:
दोष, शिक्का चुकला. दोन डॉलर.

भिंग घेतलं. श्वास रोखला, नाकही दाबलं,
न जाणो.
पाती आहेत. तारीख वाचता येते,
नीट बघितलं तर येत नाही.
उलटलं. कोपऱ्यात तिचं बारीक अक्षर:
४४. लिअँडरची शिंक.

अल्बममध्ये लावलेलं नाही अजून.
साखरेच्या बरणीला टेकवून ठेवलंय, तोंड खाडीकडे.
मी जन्मात विमानात बसलो नाही,
या वयात डॉक्टर बसूही देणार नाही.

वासिलला मी पाच डॉलर पाठवले होते.
तीन परत आले.
साधं झेंड्याचं तिकीट, वर मशीनचा शिक्का,
चार लाटा एकाखाली एक.
तेही ठेवलंय.