रकाना अकरा

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत,
कॅफेटेरियाच्या डोक्यावर टायपिंग सेंटर.
एसीखाली बादली, बादलीत थेंब.
काउंटरवरची शीजा विचारते,
"मॅडम, शादी का ओरिजिनल?"

मी फोल्डरमधून काढते.
कारंजा नगरपरिषदेचा दाखला,
पुढून फिका गुलाबी, मागून शिक्केच शिक्के:
मंत्रालय, दिल्ली, वकिलात, मग इथलं खातं.
तेव्हा महिनाभर हा कागद एकटाच फिरला होता
कुरिअरच्या पाकिटात, माझ्याआधी विमानात बसला होता,
मी गिरीशची बायको आहे हे सांगायला.
आता पुन्हा तोच.
मोडायचं तर आधी होतं हे दाखवा.

गिरीश खुर्चीच्या टोकाला.
त्याच्या हातात टोकन, दोघांत एकच.
माझा व्हिसाही त्याच्याच नावावर,
सवय आहे.

एक ते दहा रकाने भराभर झाले.
नाव, पासपोर्ट, धर्म.
अपत्ये: नाहीत.
(तिथे शीजाने मान वर केली नाही. बरं वाटलं.)
रकाना अकरा:
विभक्त राहू लागल्याची तारीख.

आता आली का पंचाईत.
विभक्त कसले?
अल नहदात एक बेडरूमचा फ्लॅट,
भाड्याचे चार चेक आधीच देऊन बसलेलो,
शेवटचा वटायचाय नोव्हेंबरात.
तोवर तो हॉलमध्ये सोफ्यावर, मी आत.
शेगडी एक, इस्त्री एक,
वायफायचा पासवर्ड अजून लग्नाची तारीख,
बदलायचा कसा ते दोघांनाही येत नाही.

कुठली सांगू?
फ्रिजमधला वरचा कप्पा त्याने मागून घेतला तो गुरुवार?
की मी पोळ्या मोजून लाटायला लागले ती संध्याकाळ,
का त्याच्याही आधीची,
दवाखान्यातून परत येताना
टॅक्सीत तो पुढे बसला, मी मागे,
आणि पठाण ड्रायव्हरने आरशात बघून विचारलं,
दोनों एक ही जगह?
ती तारीख मला पाठ आहे.
मी ती सांगत नाही.

"कोई भी डालो," शीजा म्हणते,
"एक साल से पुराना."

गिरीश म्हणतो, "एक जून टाका."

आणि मला हसू फुटतं.
माझ्या वडिलांचा जन्म एक जूनचा,
त्यांच्या तिन्ही भावांचा, गावातल्या निम्म्या माणसांचाही.
कुणालाच तारीख ठाऊक नव्हती,
मास्तरांनी सगळ्यांना एका दिवशी जन्माला घातलं
आणि शाळेत बसवलं.
तोही हसतो. दोन वर्षांत पहिल्यांदा
एकाच गोष्टीवर.
शीजाला वाटतं, हे लोक परत जातील.
ती की-बोर्डवरून हात उचलून थांबते.
आम्ही जात नाही.

मग आतून उस्ताद मरवान येतात,
चष्मा कपाळावर, अरबी मसुदा वाचून दाखवतात,
एकेक शब्द, न्यायाधीशासमोर वाचावा तसा.
अरबीत प नाही. च नाही. ण कुठून असणार?
बौरनिमा, जिरीश बाशबोरची पत्नी.
कोण ही? मी ऐकत राहते.
हिचा काही राग येत नाही मला,
त्या जिरीशचाही नाही.
चांगली वाटतात माणसं.
त्यांचं का नसेल पटलं?

वाशीमच्या वकिलांचा व्हॉइस मेसेज सकाळचाच आहे:
ताई, तिथला निकाल इथे चालेलच असं नाही,
इथेही एक अर्ज करून ठेवू, फी नंतर बघू.
म्हणजे आणखी एकदा मोडावं लागेल,
तेव्हा मात्र प आणि ण सकट.

दोनशे ऐंशी दिरहम.
त्याने कार्ड काढलं, मी एकशेचाळीस मोजून त्याच्यापुढे ठेवले.
त्याने वीस परत सरकवले,
"परवाच्या भाजीचे."

खाली उतरलो. ऑगस्टची हवा चष्म्यावर धुकं धरते,
दोघंही क्षणभर आंधळे, आपापला चष्मा पुसत.
घर एकच, म्हणून गाडीही एकच.
सिग्नलला म्हणाला, "दूध संपलंय."
मी म्हटलं, "तुझं.
माझं आहे."