गळती

पारोळ्यात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये,
कॉम्प्रेसरखाली रोज सकाळी
रुपयाएवढा काळा डाग.

हिलालआप्पांनी दोनदा सील बदललं,
जुनी लग्नपत्रिका कातरून गॅस्केट केलं,
आवळता आवळता एका बोल्टाचे आटे गेले.
डाग तेवढाच.
भुसा टाकला, तर तोही पिऊन बसला.

आज सहज ब्रीदर खोलला
आणि आत बोटभर मातीचं घर,
कुंभारीण माशीचं.
कोंडलेली हवा मिळेल त्या फटीतून
तेल बाहेर ढकलत होती, एवढंच.

‘सीलनी काय चूक व्हती, भो,’
आप्पा स्वतःशीच.

तारेनं कोरलेल्या मातीत
एक हिरवी अळी, अजून किंचित हलणारी.
ती तळहातावर घेऊन बसले बराच वेळ.
समोर सुनेचं कपाट,
एकच दार रंगवलेलं.