पासंग

कोवे मॅडमनी तीन दिवस आम्हाला चूक शिकवली,
फळ्यावर, स्वच्छ अक्षरात:
जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत एक तत्त्व असतं,
जळताना ते निघून जातं,
मागे उरते ती राख.
नाव त्याचं फ्लॉजिस्टन. आम्ही म्हणायचो फुलजिस्तान,
आणि पाठ केलं, कारण पटत होतं.
मोहाखालचा पाला पेटवला
की उरतं काय, ओंजळभर.

चौथ्या दिवशी मला म्हणाल्या, दुकानातला तराजू आण.
बाबांनी दिला कुरकुरत,
"सांजेच्या आत वापस पायजे, मोहाचे दिवस हायेत."
पितळी पारडी, काळपटलेल्या साखळ्या.
अख्ख्या मोहटोल्याची फुलं, चारोळी, डिंक
त्यातूनच आमच्या घरात यायचं.

एका पारड्यात भांडी घासायची तारेची घासणी, पिंजून मोकळी केलेली.
दुसऱ्यात वाळू, चिमूट चिमूट,
काटा मधोमध येईस्तोवर.
मग काडी.
ठिणग्या तारेतून मुंग्यांसारख्या चालत गेल्या,
विझू लागल्या की मॅडम फुंकर घालायच्या.

कोणतं पारडं वर जाईल?
चाळीस बोटं एकाच पारड्याकडे.
ते खाली गेलं.

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं,
"तराजूच खोटा हाये, मॅडम."
सगळे हसले, माझ्याकडे पाहून.
मी उभी राहिले. कान तापले होते.
"आमचा तराजू खोटा नाई."

तेव्हा देवसू हलामी, जो एरवी खिडकीबाहेरच असायचा,
म्हणाला, "ते फुलजिस्तान वर ओढत असन.
ते गेलं, म्हून जड झालं."
पुन्हा हशा.
मॅडम खुर्चीवर बसल्याच.
"अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातली मोठी शिकलेली माणसं
हेच म्हणत होती, देवसू. अगदी हेच.
आपली कल्पना वाचवायला."
हलाम्याचं बोलणं त्या दिवशी पहिल्यांदा
कोणी वहीत उतरवून घेतलं.

"आणि धरू, तराजू खोटा.
पण मघाशीही तोच होता ना?
तेव्हा काटा मध्ये होता, आता नाही.
खोट्या तराजूलाही
बदललेलं कळतं.
जड झालं, म्हणजे काहीतरी आत आलं. कुठून?"
बराच वेळ कौलांवरचं माकड तेवढं बोलत होतं.
मग देवसूच, हळू,
"तुमी फुंकत होत्या."

पानं फाडू नका, मॅडम म्हणाल्या.
तीन दिवसांवर तिरकी रेघ ओढा, बारीक,
खालचं वाचता आलं पाहिजे.
तारीख टाका.

सांजेला दुकानामागे पारडी धुतली.
वजनं ठेवायच्या पारड्याखाली बोट अडलं:
वाळलेल्या चिंचेचा गोळा, बोराएवढा,
किती वर्षांचा कोण जाणे, पितळेच्याच रंगाचा झालेला.
नखाने काढला. नखात आंबट वास राहिला.

बाबांनी तराजू टांगला. रिकामी पारडी हलली, थांबली.
त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
बोलले काहीच नाहीत.
देवसूची आई टोपली घेऊन पहिलीच उभी होती.

रात्री कंदिलाशी वही उघडली.
लिहिलं: आमचा तराजू खोटा नाही.
वरून तिरकी रेघ ओढली, बारीक.
तारीख टाकली.