चालूच होतं

रात्री एक वाजून बारा मिनिटांनी
कामठी रोडवर, ऑटोमोटिव्ह चौकाच्या जरा अलीकडे,
जेसीबीच्या दातानं गटाराच्या पाइपासोबत
आमची केबलही उपसली.
सदरच्या खोलीत पडद्यावर एक रेघ लाल झाली.
पराते मॅडम म्हणाल्या, "चल गा, निघ. स्प्लायसिंग मशीन घे. पाणी घे."

मे महिना. मध्यरात्रीही डांबर पायाखाली नरम.

केबलमध्ये अठ्ठेचाळीस तंतू, केसाएवढे.
एकेका तंतूत ऐंशी रंग,
आणि त्यातला एकही डोळ्याला दिसत नाही.
नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो:
टोकात डोळा घालू नका,
दिसणार काही नाही,
आणि नंतरही काही दिसणार नाही.

रंग वेगळे म्हणून वाट एकच पुरते.
बँकेचा हिशेब, कोणाचा एक्स-रे, कोणाचं रुसणं,
एकाच काचेतून, एकमेकांच्या अंगातून.
नागपुरात थोडे उतरतात,
त्यांच्या जागी इथले चढतात,
बाकीचे रायपूरकडे निघून जातात,
मध्ये एक शहर लागलं होतं हे त्यांना ठाऊकही नसतं.

माझे वडील स्टेशनजवळच्या केबिनमध्ये होते,
जिथे रूळ रुळाला काटकोनात कापून जातो.
लिव्हर ओढून ओढून उजव्या तळहाताला घट्टे.
मी विचारलं होतं, दोन्ही गाड्या एकदम आल्या तर?
"म्हणून तर मी आहो ना," एवढंच.

उजेडाला थांबावं लागत नाही.
किरण किरणाला छेदून जातो, ओरखडा उमटत नाही.
पण कोणी कुठे वळायचं, ते त्यालाही कोणीतरी सांगावंच लागतं.
आमच्या डब्यात त्यासाठी आरसे आहेत,
खसखशीच्या दाण्याहून बारीक.
त्यांच्यात कोणी कधी भांग पाडला नाही.
हुकूम आला की मान किंचित कलती करायची,
एवढीच त्यांची नोकरी.
घट्टे पडत नाहीत.

खड्ड्यात उतरलो, गुडघ्यापर्यंत चिखल.
तंतू सोलताना पाढा म्हणावा तसा पुटपुटतो:
निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी,
राखाडी, पांढरा, लाल, काळा...
हे वरचे रंग, आमच्यासाठी, चुकू नये म्हणून.
मशीनच्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर येतात,
ठिणगी,
आणि ती दोन नसतात.
नुकसान शून्य पूर्णांक शून्य दोन.
घरच्या माठाची गळती याहून जास्त.

जेसीबीवाला ग्यानीराम, बालाघाटचा,
काठावर उकिडवा बसून खर्रा घोटत होता.
घाबरत विचारलं, "साहेब, किती लोकांचं बंद पडलं?"
"कोणाचंच नाही."
त्याला सुटल्यासारखं वाटलं,
आणि थोडं वाईटही, असं मला वाटलं.

कारण केबल तुटली तेव्हा
स्विचनं कोणाला विचारलं नाही, फोन केला नाही,
सगळा उजेड उचलून
वर्धा, बल्लारशा, तिकडून फिरवून आणला,
शेकडो किलोमीटरचा वळसा,
पन्नास मिलिसेकंदांच्या आत.
पापणी लवायलाही याच्या दुप्पट वेळ लागतो.

पहाटे साडेपाचला घरी.
आई मोरीजवळ उभी, हातात बादली.
"रातभर कुठं होता?"
लाइन तुटली होती, म्हटलं. रायपूरची. एक वाजता.
"काहीतरीच. उकाड्यानं झोप नव्हती येत,
सुलीसोबत रायपूरले दीड वाजेवर बोलून राहिली होती मी.
चालूच होतं."

मी वाद घातला नाही.
हात पुढे केले, तिनं पाणी ओतलं.
नखांत कामठी रोडची माती.
करंगळीत काचेचा एक कण
ठसठसत होता,
उजेडाकडे धरूनही दिसेना.