सातवीच्या एकवीस वह्या

सतरा पोलीस, तीन नर्स,
आणि प्राची कुमरेचं पान कोरं.

म्हटलं, शनिवारी कोणाचंही काम बघून या.
विचारा, हे कुठं शिकलात?

कोणी लाइनमनमागे गेलं, कोणी गुरांच्या डॉक्टरमागे.
गोलू दिवसभर टॉवरखाली बसला,
वर कोणी चढलंच नाही.

प्राची जिनिंगवर गेली.
सोमवारी म्हणाली,
'मॅडम, तिथं एक बाई हाये.
मुठीत कापूस दाबून ओल सांगते,
तंतू ओढून लांबी.
मंग मशीनबी तेच सांगते.
याचा पगार भेटते तिले!'

जरा थांबून,
बोंडांनी ओरखडलेल्या बोटांकडं बघत :
'मले तं हे येते.'

वहीत आता चिकटवलेला एक तंतू,
शेजारी पट्टीनं मोजून :
अठ्ठावीस मिलिमीटर.
बहुतेक.